नमुना चुकला, तीन वेळा

नववीच्या वर्गाला मी हृदयाचं चित्र कापून आणायला सांगितलं होतं. जाड कागदावर छापलेलं हृदय, कडेकडेनं कापायचं आणि वहीत चिकटवायचं, एवढंच काम. चाळीस मुलांनी मला चाळीस बटाटे आणून दिले. शेवटच्या बाकावरच्या एका उंच मुलीनं मात्र महाधमनीच्या कमानीतली फटसुद्धा कोरून काढली होती. शिवाय कापून उरलेला कागद कुठेही फाटू न देता जपून तोही शेजारच्या पानावर चिकटवला होता. मी विचारलं, "हा कचरा कशाला?"

ती म्हणाली, "बाई, कचरा नाही तो. मावशी म्हणते, कापणाऱ्याचा हात कसा आहे ते उरलेल्या तुकड्यावरून कळतं."

त्या दिवशी ती मला पहिल्यांदा दिसली. तशी तीन महिने रोज हजेरीत असायची, पण हजेरीत असणं आणि दिसणं यांत फरक असतो. मास्तरकीच्या नोकरीत तो फरक कळायला मला बराच वेळ लागला. मुलं तिला 'कात्री' म्हणू लागली. मी रागावले, तर तीच म्हणाली, "राहू द्या हो बाई. पुढच्या बाकावरच्याला 'खोडरबर' म्हणतात, त्यापेक्षा बरं आहे." तेव्हापासून मीही तिला कात्रीच म्हणत आले.

घरी आई, वडील आणि मावशी. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. लग्न न करता त्यांच्याच घरात पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडून बसलेली. उंच, रुंद खांद्यांची आणि तोंडानं फटकळ. गिऱ्हाइकानं "जरा सैल करून द्या" म्हटलं की ही म्हणायची, "कपडा सैल करू की तुम्ही जरा बारीक होताय?" तरीही गिऱ्हाइकं टिकून होती, कारण तिच्या हातचा खांदा कधी ओढत नसे.

त्याच वर्षी मी वर्गात तो धडा शिकवला. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या: दोन एक्स म्हणजे मुलगी, एक एक्स आणि एक वाय म्हणजे मुलगा. खाली रंगीत खडूनं रेघ ओढली. परीक्षेत यावर हमखास दोन गुणांचा प्रश्न यायचा, म्हणून मुलांना तो धडा आवडायचा आणि दहा मिनिटांत संपायचा, म्हणून मला. कात्रीनं हात वर केला. "बाई, आपल्या वर्गात हे कोणी मोजून बघितलंय का?"

"त्याची गरज नसते," मी म्हणाले आणि फळा पुसला.

एकतीस वर्षं मी तो फळा तसाच लिहिला आणि तसाच पुसला.

पुढे तिनं तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या गुणसूत्र प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली. जाहिरातीत 'फक्त स्त्री उमेदवार' असं छापलं होतं. कारण विचारलं तेव्हा तिथल्या हेडक्लार्कनं तिला सांगितलं, "बायकांची बोटं बारीक असतात आणि त्यांना बसून राहायचा कंटाळा येत नाही." हे सांगताना ते स्वतः अकरा वर्षांपासून एकाच खुर्चीत बसून होते.

ते काम तेव्हा खरोखरच कात्रीचं होतं. रक्ताचा नमुना यायचा. त्यातल्या पेशी तीन दिवस उबदार पेटीत वाढवायच्या, ऐन विभाजनाच्या वेळी औषध घालून त्यांना थांबवायचं, काचपट्टीवर थेंब पाडायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा. फोटोत गुणसूत्रं सांडलेल्या शेवयांसारखी कशीही पसरलेली. मग एकेक गुणसूत्र कापायचं आणि उंचीप्रमाणे, पट्ट्यांप्रमाणे जोड्या लावून कोऱ्या कागदावर चिकटवायचं. बावीस जोड्या, आणि शेवटी तेविसावी. एक तुकडा शिंकेनं उडाला की सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून फरशी शोधायची.

तिथले ज्येष्ठ तंत्रज्ञ म्हणजे 'आजोबा'. वय अठ्ठावन्न. मिशा अशा की त्या झाकायला दोन मास्क लागत. त्यांनी प्रयोगशाळेत एक रीत पाडली होती. नव्या माणसानं पहिला कागद स्वतःच्या रक्ताचा करायचा. "दुसऱ्याच्या रक्ताला माणूस निष्काळजी असतो, स्वतःच्या नाही," हे आजोबांचं शास्त्र. तो कागद मग चौकटीत बसवून बोळातल्या भिंतीवर टांगायचा. बाकी रुग्णालयात कर्मचाऱ्यांचे हसरे फोटो होते. या बोळात त्यांची आतली चित्रं होती. सगळी जवळजवळ सारखीच, आणि हसणारं कोणी नाही.

कात्रीनं पहिला कागद केला. कापणी अशी की आजोबांनी भिंग काढून पाहिलं आणि "वा!" म्हणाले. मग शेवटची जोडी पाहिली. एक मोठा एक्स, आणि शेजारी छोटा वाय.

"पोरी, हा पुरुषाचा नमुना उचललास तू."

"नाही हो आजोबा, माझाच आहे."

"तुझा कसा असेल? डोळे आहेत मला." आणि त्यांनी वहीत लाल शाईनं शेरा मारला: नमुना चुकला. तंत्रज्ञ निष्काळजी.

तिनं पुन्हा रक्त दिलं. पुन्हा तेच. दुसरा लाल शेरा. तिसऱ्या वेळी तिनं नळीला लाल दोरा बांधला, नळीवर सही केली आणि तीन दिवस उबदार पेटीकडे दुसऱ्या कोणाला फिरकू दिलं नाही. तीन दिवसांनी कापलं, चिकटवलं, आणि शेवटच्या जागी तोच छोटा वाय येऊन बसला.

आजोबा माणूस वाईट नव्हते. त्यांनी दुःखानं तिसरा शेरा मारला. तेवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत कोणालाही, आजोबांनाही, असं वाटलं नाही की तीन वेळा तेच येतंय म्हणजे ते खरं असेल. गुणसूत्रांत काय काय होऊ शकतं हे रोज दुसऱ्यांना लेखी कळवणारी माणसं ती. पण ते सगळं नमुन्यांच्या बाबतीत व्हायचं. शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या मुलीच्या बाबतीत फक्त निष्काळजीपणा होऊ शकत होता.

तिची नेमणूक सहा महिन्यांसाठी कच्ची होती. तीन लाल शेरे झाले की पक्की होत नसे.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्या महिनाभर बाहेर होत्या. परत आल्या, तीनही कागद शेजारी शेजारी ठेवले, दोन मिनिटं पाहिले आणि कात्रीला आत बोलावून दार लावलं. दोनच प्रश्न विचारले. पाळी आली का कधी? आणि लहानपणी जांघेत काही शस्त्रक्रिया झाली होती का?

पाळी आली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, उंच मुलींना उशिरा येते. आई दर महिन्याला कॅलेंडरसमोर अशी उभी राहायची, जणू कॅलेंडरलाच यायची आहे. आणि चार वर्षांची असताना दोन्ही बाजूंना गाठी आल्या होत्या. अंतर्गळ म्हणून आत ढकलून शिवून टाकल्या होत्या.

मॅडमनी आणखी तपासण्या केल्या आणि मग म्हणाल्या, "तू एकदाही चुकलेली नाहीस."

हे सगळं मला कळलं ते ती एका रविवारी सकाळी माझ्याकडे आली तेव्हा. नुकतीच मी निवृत्त झाले होते आणि दुपारपर्यंत घरात काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. तिनं टेबलावर कागद ठेवला.

"बाई, मोजा."

मी मोजले. सेहेचाळीस.

"शेवटची जोडी बघा."

"मुलगा," मी ताडकन म्हणाले. एकतीस वर्षांची सवय.

"हे माझं रक्त आहे."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नमुना चुकला असेल गं."

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तुम्हीसुद्धा!"

मग तिनं मला शिकवलं. मावशीकडे वाढलेली मुलगी, तिनं कापडाच्याच भाषेत सांगितलं. पोटातलं मूल पहिले सहा-सात आठवडे दोन्हींसाठी बेतलेलं असतं. गर्भाशयाचा तुकडा तयार, पुरुषाच्या नळ्यांचा तुकडाही तयार. मग वायवरचा एक छोटा जनुक सांगतो, वृषण कर. वृषण दोन निरोप पाठवतं. एक संप्रेरक म्हणतं, गर्भाशयाचा तुकडा उसवून टाक. दुसरं, टेस्टोस्टेरॉन, म्हणतं, पुरुषाची शिवण घाल. "माझ्यात पहिला निरोप पोचला बाई. म्हणून गर्भाशय नाही. दुसराही निघाला, भरपूर निघाला, पण माझं कापडच बहिरं. पेशींना तो ऐकूच येत नाही. मग शिवण आपोआप मुलीची पडली. आणि वयात येताना त्याच टेस्टोस्टेरॉनचं थोडं थोडं शरीरानं स्त्रीचं संप्रेरक करून घेतलं, म्हणून मी अशी आहे."

"म्हणजे तू..."

"मुलगीच आहे मी. आधीही होते. फक्त तुमच्या फळ्यावर मावत नाही."

ती हळू आवाजात म्हणाली, "मूल होणार नाही, एवढं एक मात्र..." आणि कागदाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मी उठून चहा टाकला.

चहा झाल्यावर मी विचारलं, "घरी काय म्हणाले?"

ते तिनं साग्रसंगीत सांगितलं. आई रडली. वडील म्हणाले, "डॉक्टर बदलू." मावशी यंत्रावर बसून सगळं ऐकत होती. शिवण थांबवून म्हणाली, "मला तरी कुठे आली पाळी कधी?"

आई ओरडली, "तू कधी सांगितलं नाहीस मला!"

"तू कधी विचारलंस? मला वाटलं, बरं झालं, एक कटकट वाचली."

कात्रीनं समजावलं की हे आईकडून, तिच्या एका एक्सवरून येतं, आणि त्या अर्थी मावशीतही बहुधा हेच असणार. मावशीनं विचार केला. "मग आता काय, मला दाढी करायला सांगणार?"

"नाही गं मावशे."

"मग झालं तर. तो ब्लाउज दे इकडे, काखेत उसवायचाय."

इथवरच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण तिची नोकरी टांगणीला लागली होती आणि टांगणाऱ्यांची गंमत सांगण्यासारखी आहे.

मॅडमनी तिला विचारूनच वर टिपण पाठवलं होतं: तिन्ही निकाल बरोबर आहेत, सबब तिन्ही लाल शेरे काढून टाकावेत. कात्रीनं होकार दिला होता. ती म्हणाली होती, "जायचं तर जाईन, पण निष्काळजी म्हणून नाही जाणार." टिपणावर 'गोपनीय' असा शिक्का मारून पाकिटात घातलं, पण डिंक संपला होता, म्हणून पाकीट उघडंच गेलं आणि चार मजल्यांवर वाचलं गेलं.

हेडक्लार्कनी कित्येक वर्षांत एखादं टिपण पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. त्यांचा तर्क असा: निकाल चूक असेल, तर मुलगी निष्काळजी, म्हणून नेमणूक पक्की होत नाही. निकाल बरोबर असेल, तर वाय बरोबर, आणि जागा तर स्त्रीची, म्हणूनही नेमणूक पक्की होत नाही. म्हणजे कसंही करून ती जाणारच होती. फक्त कोणत्या दारानं, एवढंच ठरवायला समिती नेमली.

अध्यक्ष म्हणून भांडार अधिकारी आले. खाटा, चादरी, बादल्या यांच्यावर चिठ्ठ्या लावण्यात त्यांची हयात गेली होती, आणि एका वस्तूला एकच चिठ्ठी या तत्त्वाशी ते प्रामाणिक होते. सदस्य म्हणून रुग्णालयाच्या सल्लागार वकीलबाई. वय साठीच्या पुढे, नाकाच्या टोकावर चष्मा. सचिव अर्थातच हेडक्लार्क. तज्ज्ञ म्हणून मॅडम. आणि मला बोलावणं आलं, कारण शाळेच्या दाखल्यावर 'मुलगी' हा शब्द माझ्या अक्षरात होता.

लांब टेबल, मधोमध बिस्किटांची बशी. टेबलाच्या टोकाला कात्री, हात मांडीवर ठेवून. आजोबा दाराशी उभे. त्यांना बोलावलं नव्हतं, पण त्यांना हाकलायची कोणाची हिंमत नव्हती.

"बाई," हेडक्लार्क मला म्हणाले, "आपण दाखल्यावर 'मुलगी' लिहिलंत ते कशावरून?"

"तिच्या आईनं सांगितलं. आणि दोन वेण्या होत्या."

"शास्त्रीय तपासणी केली नाहीत?"

"नाही. तुमच्या दाखल्यावर 'मुलगा' कोणी लिहिलं?"

"आमच्या मास्तरांनी."

"कशावरून?"

ते कागद चाळू लागले. वकीलबाईंनी एक बिस्कीट उचललं.

अध्यक्ष म्हणाले, "गुणसूत्रांवर नको असेल तर हार्मोनवर ठरवू. मॅडम, तिचं ते टेस्टोस्टेरॉन किती?"

"पुरुषाइतकं. पण तिच्या शरीराला त्याचा उपयोग नाही. कार्यालयातून परिपत्रक निघावं आणि कोणीच वाचू नये, तसं."

हे मात्र सगळ्यांना लगेच समजलं.

वकीलबाई म्हणाल्या, "हार्मोनवर ठरवणार असाल तर आधी मला बाहेर जाऊ द्या. माझी स्त्री-संप्रेरकं दहा वर्षांपूर्वीच राजीनामा देऊन गेलीत."

अध्यक्षांनी बोटं मोजली. "गुणसूत्र पुरुषाचं. हार्मोन पुरुषाचं. दिसायला बाई. कागदावर बाई. दोनास दोन. म्हणजे निर्णायक मत माझं." आणि त्यांची छाती जरा पुढे आली. चादरींच्या बाबतीत असा प्रसंग कधी आला नसावा.

तेव्हा कात्री उभी राहिली. "साहेब, एक विनंती आहे. आमच्या प्रयोगशाळेचा नियम आहे. तुलनेसाठी त्याच दिवशी, त्याच घाण्यात, एका माहीत असलेल्या पुरुषाचा आणि एका माहीत असलेल्या स्त्रीचा नमुना केला नसेल, तर निकाल धरत नाहीत. माझ्या वेळी तो केलेला नव्हता."

"बरोबर," दारातून आजोबा म्हणाले. "चूक माझी."

"मग करा की," अध्यक्ष म्हणाले.

"रक्त लागेल साहेब. आपण पुरुष आहात हे माहीतच आहे. आपलं चालेल."

अध्यक्षांना साखरेचा त्रास होता. हेडक्लार्कना सुईची भीती होती, आणि शिवाय सचिवाला मत नसतं, तर रक्त कसं असेल, असा त्यांचा मुद्दा होता. वकीलबाई म्हणाल्या, "माझा काही प्रश्न नाही, पण निकाल काय येईल याची हमी कोण देणार? या वयात मला आणखी बातम्या नकोत."

मी बाही वर केली. आजोबांनीही केली.

पुढच्या आठवड्यात समिती पुन्हा बसली. कात्रीनं टेबलावर तीन कागद मांडले. कोणाचंही नाव नाही, फक्त मागे खूण.

"साहेब, यातला एक कागद शाळेतल्या बाईंचा आहे. एक आजोबांचा. एक माझा. आपण ओळखा आणि तसं लिहून द्या. मग मी आपणहून जाते."

मॅडमनी तिच्याकडे झटकन पाहिलं. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

अध्यक्षांनी दोन एक्सचा कागद लगेच उचलला. "हा बाईंचा." बरोबर होतं. माझी गुणसूत्रं, कात्रीनं आधीच सांगितलं होतं, अगदी पुस्तकातल्यासारखी निघाली होती. खरं सांगायचं तर मला थोडं वाईटच वाटलं. आयुष्यभर पुस्तकातलं शिकवलं, आणि आतूनही पुस्तकातलीच.

उरले दोन. दोन्हींत एक एक्स, एक वाय. अध्यक्षांनी एक खिडकीजवळ नेला, दुसरा दिव्याखाली धरला. हेडक्लार्कनी फूटपट्टी लावली. शेवटी दोघांनी कुजबूज केली आणि अध्यक्षांनी दुसरा कागद वर धरला.

"हा पुरुषाचा. यातला वाय कसा जरा रुबाबदार दिसतोय."

कात्रीनं कागद उलटा केला. मागे तिची खूण होती.

दारात आजोबा खाकरले आणि दोन्ही हातांनी आपल्या मिशा सारख्या केल्या.

अध्यक्ष बसले. त्यांनी बिस्कीट घेतलं, पुन्हा बशीत ठेवलं. साखर आठवली असावी. वकीलबाईंनी चष्मा नाकावर वर सरकवला, फाइल ओढून घेतली आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. "हेडक्लार्क, या फाइलीचा विषय काय आहे?"

"'तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणाबाबत.'"

"मग आपल्याला एवढंच ठरवायचंय. मुलगी निष्काळजी आहे का? मॅडम?"

"नाही."

"आजोबा?"

"मुळीच नाही. मीच आहे."

"लिहा: तीनही निकाल बरोबर. शेरे रद्द. नेमणूक पक्की. अध्यक्षांची सही इथे."

हेडक्लार्क म्हणाले, "पण तो दुसरा प्रश्न, जागा स्त्रीची आणि..."

"जाहिरातीत 'स्त्री' म्हणजे काय ते लिहिलंय का तुम्ही?"

"नाही. ते... गृहीत होतं."

"मग नवी फाइल काढा. त्यात आधी व्याख्या लागेल, मग तुलनेचे नमुने लागतील. पहिला नमुना अर्थातच फाइल काढणाऱ्याचा. डावा हात की उजवा?"

हेडक्लार्कनी पेनाचं टोपण लावलं. माझ्या माहितीप्रमाणे ती फाइल अजून निघालेली नाही.

त्याच दुपारी आजोबांनी वही काढली आणि तिन्ही लाल शेऱ्यांवर आडवी रेघ मारून प्रत्येकाखाली लिहिलं: तंत्रज्ञ बरोबर, शेरा मारणारा चूक. तीन वेळा, तीन सह्या. मग चौकट पुसत तिला विचारलं, "तुझा कागद लावू का गं भिंतीवर? तुझी इच्छा नसेल तर राहू दे."

ती म्हणाली, "लावा. तुमच्या शेजारी लावा. अध्यक्ष या बाजूला आले की ओळखायला सांगू."

पुढे एकदा बोळातून जाताना मी त्या दोन चौकटींपुढे थांबले. एकतीस वर्षं ज्यांच्या वह्यांवर मी त्या दोन ओळींसाठी दोन गुण दिले, त्यांतल्या कितीजणांचं खरंच कोणी मोजलं असेल? आणि ज्यांचं मोजलं गेलं नाही, त्यांतल्या कोणी 'कॅलेंडरलाच येईल' म्हणून वाट पाहिली असेल? शाळेच्या नव्या बाईंना मी चिठ्ठी लिहिली की त्या दोन ओळींखाली 'बहुतेक वेळा' एवढं तरी लिहा आणि त्यापुढे अर्धा तास बोला. त्यांचं उत्तर आलं की अभ्यासक्रमात अर्ध्या तासाची तरतूद नाही. पण 'बहुतेक वेळा' त्या लिहितात, असं त्यांच्या वर्गातल्या एका मुलीनं मला सांगितलं.

आता संगणक जोड्या लावतो, कात्र्या कपाटात गेल्या. आजोबा निवृत्त झाले, मिशा तेवढ्याच आहेत. स्वतःच्या रक्ताची रीत कात्रीनं बदलली. नव्या माणसाला ती आधी खुर्चीवर बसवते आणि विचारते, "काय निघू शकतं ते सांगते, मग ठरव तुला बघायचंय का." निम्मे लोक नको म्हणतात. त्यांच्याकडून ती दुसऱ्या कोणाचा नमुना करून घेते आणि कारण विचारत नाही. आतल्या गाठी, म्हणजे ते वृषणच, तिनं मॅडमच्या सल्ल्यानं पुढे काढून घेतल्या.

ती आज प्रयोगशाळेची मुख्य तंत्रज्ञ आहे, मावशीबरोबर त्याच घरात राहते, हाडांसाठी रोज सकाळी न्याहारीनंतर संप्रेरकाची एक गोळी घेते आणि आठ वीसच्या बसनं कामावर जाते.